एका किडनीचे दोन हिशेब

परवा शनिवारी पनवेलला मावशीकडे गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला आणि मग तिने कपाटातून एक जाडजूड फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. "तू कॉम्प्युटरवाला ना, जरा तारखेप्रमाणे लावून दे रे हे. माझा पार गोंधळ होतो." आमच्या घराण्यात कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा, आधार-पॅन जोडून देणारा आणि फायली लावणारा, हे कधीचंच ठरून गेलंय. त्यामुळे वाद घातला नाही.

मावशीची उजवी किडनी २०१९ मध्ये काढली. कॅन्सरची गाठ होती, पाच सेंटीमीटरची. पित्ताशयासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडली. ऑपरेशन नीट झालं, केमो वगैरे काही लागली नाही, आणि त्यानंतर सुरू झाला फॉलोअप. फाइलमध्ये दोन प्रकारचे कागद होते. एक सीटी स्कॅनची मोठी पाकिटं. ती तिने देवाच्या पोथीसारखी जपली होती आणि प्रत्येकावर पेनाने तारीख घालून पुढे "काही नाही" असं लिहिलं होतं. (कॅन्सरच्या पेशंटच्या घरात "काही नाही" या दोन शब्दांची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको.) दुसरे म्हणजे रक्ताचे रिपोर्ट. हे मात्र चुरगळलेले, दुमडलेले, एक तर वीजबिलांच्या गठ्ठ्यात सापडला. "ते काय, नॉर्मलच असतात नेहमी," मावशी म्हणाली.

आणि खरंच नॉर्मल होते. ऑपरेशनच्या आधी क्रिएटिनिन ०.७. वर्षभराने १.०. शेवटच्या रिपोर्टात, वय वर्षं ६४, क्रिएटिनिन १.१. लॅबने शेजारी छापलेली रेंज ०.६ ते १.२. एकही आकडा ठळक नाही, एकाही आकड्यापुढे बाण नाही. सवयीने मी ते सगळं एका एक्सेल शीटमध्ये टाकलं आणि शेजारच्या कॉलममध्ये नेटवर सहज मिळणारं ईजीएफआरचं सूत्र लावलं, म्हणजे किडनी मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज. कॉलम भरला: १००, ६५, ५६. तीन महिन्यांहून जास्त काळ हा आकडा ६० च्या खाली राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणायचं, असं २००२ पासून जगभर चालत आलंय. इकडे मावशी दोन वर्षं गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घेत होती. किडनीवर ताण देणारं, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं. कोणी विचारलंच नव्हतं, कारण रिपोर्ट नॉर्मल!

ऑफिसात आम्ही दिवसभर हेच करतो. सर्व्हर कुठे धापा टाकतोय हे वेळेवर कळावं म्हणून मॉनिटरिंग लावतो, आणि अलर्टची मर्यादा चुकीची ठेवली तर काय होतं ते रात्री दोन वाजता कळतं. इथे मर्यादा चुकीची होती आणि ती कोणी, कधी आणि का ठेवली हे मला शोधावंसं वाटलं. पुढचे दोन वीकेंड त्यात गेले.

सुरुवात करू या एका विचित्र नोंदीपासून. भारतातलं पहिलं किडनी प्रत्यारोपण मे १९६५ मध्ये मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये झालं. आता प्रत्यारोपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन्ही किडन्या निकामी झालेला, डायलिसिसवरचा पेशंट येतो. पण केईएममधल्याच नेफ्रॉलॉजिस्ट डॉ. विद्या आचार्य यांनी १९९४ मध्ये भारतातल्या प्रत्यारोपणांचा आढावा घेतला, त्यात या पेशंटबद्दल दोन गोष्टी नोंदवल्या आहेत: त्याच्या किडन्या निकामी झालेल्या नव्हत्या आणि त्याला हायपरनेफ्रोमा होता. हायपरनेफ्रोमा म्हणजे किडनीचा कॅन्सर. म्हणजे आपल्याकडच्या प्रत्यारोपणाचा इतिहास किडनी फेल झालेल्या माणसापासून नाही, किडनीच्या कॅन्सरपासून सुरू होतो! मृत व्यक्तीची किडनी बसवलेली ती शस्त्रक्रिया यशस्वी ठरली नाही. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९७१ साल आणि वेल्लोरचं हॉस्पिटल लागलं. पण मला अडकवलं ते त्या कॅन्सर या शब्दाने. गाठ काढायची तर किडनी जाते, किडनी गेली तर उरलेल्या कामाचं काय, हा मावशीचा प्रश्न परळमध्ये साठ वर्षांपूर्वी ऑपरेशन टेबलावर आला होता.

हायपरनेफ्रोमा हा शब्दच मुळात चुकीचा आहे. १८८३ मध्ये पॉल ग्राविट्झ नावाच्या जर्मन डॉक्टराला वाटलं, की या पिवळट गाठी किडनीच्या नाहीतच. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी ॲड्रिनल ग्रंथी असते, तिचे चुकून किडनीत राहिलेले तुकडे वाढून त्या होतात. त्यावरून हे नाव पडलं. १९६० मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसलं की या पेशी किडनीतल्याच बारीक नलिकांच्या आहेत. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्या कोडमध्येही दहा वर्षांपूर्वी कोणीतरी चुकीचं नाव दिलेलं व्हेरिएबल असंच फिरत असतं. असो.

एका किडनीवर माणूस जगतो का, हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो गुस्ताव सायमनने. त्याच्याआधी १८६१ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला वॉलकॉट नावाच्या सर्जनने यकृताची गाठ समजून पोट उघडलं आणि किडनीची गाठ काढली. पेशंट पंधरा दिवस जगला. हायडेलबर्गच्या सायमनची गोष्ट वेगळी. त्याच्या पेशंटला, मार्गारेटा क्लेबला, कॅन्सर नव्हता. आधीच्या ऑपरेशनमध्ये मूत्रनलिकेला इजा होऊन लघवी बाहेर झिरपत होती आणि दुसरे सगळे उपाय थकले होते. सायमनने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक किडनी काढली तर उरलेली काम पेलते, अशी खात्री करून घेतली आणि मग २ ऑगस्ट १८६९ ला ऑपरेशन केलं. बाई जगली. बघा, त्याने टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवून मग प्रॉडक्शनला टाकलं. पण "पेलते" हे कळलं ते बाई आणि कुत्री जिवंत राहिली म्हणून. किती पेलते, किती वर्षं, हे मोजायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

मोजायची सोय झाली ती रंगामुळे. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा कचरा, त्याला नाव दिलं लीबिगने १८४७ मध्ये. १८८६ मध्ये कोनिग्सबर्गच्या माक्स याफेने बघितलं, की लघवीत पिक्रिक ॲसिड टाकलं आणि ते अल्कलाइन केलं की क्रिएटिनिनमुळे लालसर नारिंगी रंग येतो. पिक्रिक ॲसिड म्हणजे तेच, ज्याने रेशीम पिवळं रंगवत आणि तोफगोळेही भरत. याफेने त्याने किडनी मोजावी असं काही सुचवलं नव्हतं. रंग किती गडद यावरून क्रिएटिनिन किती हे मोजायची पद्धत १९०४ मध्ये ओटो फोलिनने बसवली. आणि मजा म्हणजे ही रंगाची ट्रिक अजून निवृत्त झालेली नाही. एन्झाइमची जास्त अचूक टेस्ट आली आहे, तरी आज तुमच्या गल्लीतल्या लॅबमधलं मशीन बरेचदा याफेचाच रंग वाचत असतं.

आता गोम कुठे आहे ती सांगतो, आणि इथे जरा थांबून वाचा. स्नायू रोज साधारण तेवढंच क्रिएटिनिन रक्तात टाकतात. किडनी ते गाळून काढते. गाळण्याचा वेग निम्मा झाला तर रक्तातलं क्रिएटिनिन हळूहळू दुप्पट होऊन तिथे स्थिरावतं. म्हणजे वेग आणि आकडा यांचं नातं सरळ रेषेचं नाही, उलट्या भागाकाराचं आहे. ज्या बाईचं क्रिएटिनिन मुळात ०.६ आहे तिची निम्मी गाळणी संपली तरी आकडा होतो १.२. आणि लॅबची रेंज? ०.६ ते १.२. अर्धी क्षमता गेली आणि कागदावर एक बाणसुद्धा नाही! नंतर मात्र तोच आकडा झरझर वर चढतो, पण तोवर उशीर झालेला असतो. रेंज चुकीची नाही. ती सगळ्या लोकांसाठी काढलेली आहे, जिममध्ये जाणाऱ्या तीस वर्षांच्या पोरापासून ४८ किलोच्या मावशीपर्यंत. मावशीची तुलना मावशीशीच करायला हवी होती, म्हणजे ऑपरेशनच्या आधीच्या ०.७ शी. आणि तो कागद वीजबिलांत होता.

हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलच्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी वय, वजन आणि क्रिएटिनिन यांचं एक सुटसुटीत सूत्र दिलं, कागद-पेन्सिलवर करता येईल असं. २४९ पेशंटांवरून काढलेलं, आणि ते जवळजवळ सगळे पुरुष. बायकांसाठी सरळ १५ टक्के कमी धरा, म्हणाले. त्या सूत्रात मावशीचं वजन घातलं तर उत्तर येतं ३९! मग १९९९ मध्ये १,६२८ पेशंटांवरून दुसरं सूत्र आलं, २००९ मध्ये तिसरं, आणि २०२१ मध्ये त्यातला वंशाचा गुणक काढून टाकलेलं चौथं. मी ५६ काढले ते या शेवटच्याने. ५६ आणि ३९ यांतलं खरं कुठलं? दोन्ही अंदाज आहेत, शिवाय दोन्ही सूत्रं थोडं वेगळं मोजतात, त्यामुळे आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. पण एक लक्षात ठेवा: बारीक, स्नायू कमी असलेल्या, शाकाहारी माणसात क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं, म्हणून क्रिएटिनिनवर चालणारी सूत्रं अशांच्या किडनीला असते त्यापेक्षा चांगले मार्क देऊ शकतात. आपल्या आया-मावश्यांचं वर्णन याहून वेगळं काय असतं? शंका असेल तर सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट आहे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. किडनीसाठी तिचा उपयोग १९८५ पासून माहीत आहे, पण आपल्याकडे सहसा मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

हा झाला आकड्याचा हिशेब. चित्राचा हिशेब याच्या शेजारून, पण स्वतंत्रपणे चालला होता. १९२९ मध्ये मोझेस स्विकने शिरेतून आयोडीनचं औषध देऊन एक्स-रेवर किडनी उजळून दाखवली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पोटातली गाठ शोधायला तेवढंच मुख्य साधन. केईएमच्या १९६५ च्या डॉक्टरांकडेही सीटी नव्हता. साहजिकच गाठी मोठ्या होऊन सापडायच्या, म्हणजे पोटाला हाताला लागायच्या नाहीतर लघवीतून रक्त यायचं. आणि सर्जनचं धोरणही तसंच आक्रमक होतं. १९६९ मध्ये टोरोंटोच्या रॉबसनने लिहिलं की किडनी, भोवतालची चरबी, ॲड्रिनल, लसीका ग्रंथी सगळं एकगठ्ठा काढा. पुढे कित्येक वर्षं तोच नियम झाला. फक्त गाठ कापून किडनी वाचवायचं ऑपरेशन चेर्नीने १८८७ मध्येच करून दाखवलं होतं, पण त्याला कोणी विचारत नव्हतं.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये हौन्सफील्डच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा मेंदू दिसला. काही वर्षांत पोटही दिसायला लागलं. सीटी आणि सोनोग्राफी पसरली तशा तीन-चार सेंटीमीटरच्या गाठी योगायोगाने सापडू लागल्या, मावशीची सापडली तशा. पेशंट बरे होऊन वीस-वीस वर्षं जगू लागले. आणि तेव्हा कुठे कोणीतरी आकड्यांची फाइल उघडली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलने २००६ मध्ये ६६२ पेशंटांचे रिपोर्ट पुन्हा काढले. सगळ्यांचं क्रिएटिनिन ऑपरेशनआधी नॉर्मल, दोन्ही किडन्या शाबूत. सूत्र लावल्यावर दिसलं की त्यातल्या २६ टक्के लोकांची गाळणी ऑपरेशनच्या आधीच ६० च्या खाली होती! आणि तीन वर्षांनी, जे ६० च्या वर होते त्यांच्यातले तसेच वर राहिलेले: गाठ तेवढी काढलेल्यांत ८० टक्के, अख्खी किडनी काढलेल्यांत ३५ टक्के.

मग "एका किडनीवर माणूस आरामात जगतो" हे आपण ऐकत आलो ते खोटं का? नाही, पण ते दुसऱ्या लोकांबद्दल खरं आहे. १९५४ मध्ये बॉस्टनला रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला किडनी दिली आणि तो पुढे ५६ वर्षं जगला. दाते असे असतात: तरुण, तपासून, निवडून घेतलेले. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि दोघींनी मिळून जे काम केलं असतं त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास एकटी करते. किडनीच्या कॅन्सरचा पेशंट मात्र बहुधा साठीचा, त्यात बीपी, त्यात शुगर. दात्यांवरून काढलेला दिलासा आपण पेशंटांना वाटत होतो.

इथे मला दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घाबराल. युरोपात ५४१ पेशंटांची चाचणी झाली, अर्ध्यांची अख्खी किडनी काढली, अर्ध्यांची फक्त गाठ. २०११ मध्ये निकाल आला तर किडनी वाचवलेले लोक जास्त जगले असं दिसलं नाही. त्यांचे आकडे चांगले राहिले, पण किडनी पार निकामी होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच आणि खूप कमी. म्हणजे ऑपरेशनने एकदाच खाली आलेला आणि तिथे टिकून राहिलेला आकडा हा शुगर-बीपीने दरवर्षी घसरणाऱ्या आकड्यासारखा नाही. ५६ हा आकडा भीतीदायक नाही. ६५ चा ५६ होताना कोणी बघत नव्हतं, हे मला खटकतं. एकट्या रिपोर्टला अर्थ कमी असतो. एप्रिलच्या उन्हात पाणी कमी प्यायलं, आदल्या दिवशी मटण झालं, तरी आकडा हलतो. बघायचा असतो तो उतार, आणि त्याच्या जोडीला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन.

चित्राच्या बाजूलाही हाच धडा उलटा मिळाला. स्कॅन जितके जास्त तितकं बरं, असं वाटतं खरं. पण युरोपातल्याच अनेक हॉस्पिटलांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये बघितलं तर जास्त स्कॅन केलेल्यांपैकी ज्यांना कॅन्सर परत आला, ते त्यामुळे जास्त जगले असं आढळलं नाही. म्हणून आता गाठ किती मोठी आणि किती आक्रमक होती यावरून वेळापत्रक ठरतं. सुरुवातीची वर्षं जवळजवळ, मग लांब-लांब. छातीही बघतात कारण हा कॅन्सर परत आला तर फुफ्फुसात जास्त येतो. पाच वर्षांनी सुट्टी मिळेलच असं नाही, हा कॅन्सर उशिरानेही डोकं वर काढतो.

आणि हे दोन हिशेब एकमेकांना भेटतात कुठे? सीटीच्या काउंटरवर. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे त्या आयोडीनच्या औषधाचं इंजेक्शन द्यायच्या आधी ते विचारतात, क्रिएटिनिन किती? या इंजेक्शनने किडनी बिघडते ही भीती पूर्वी वाजवीपेक्षा जास्त होती, असं आता मानतात. गाळणी ३० च्या वर असेल तर सहसा अडत नाही. पण ते विचारतात, आणि मावशीचे सहा वर्षांचे निम्मे क्रिएटिनिनचे रिपोर्ट केवळ त्या काउंटरसाठी काढलेले होते. एमआरआयचं औषध सुरक्षित म्हणून तिकडे वळावं तर २००६ मध्ये कळलं की खूप खराब किडनी असलेल्यांना जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने कातडी घट्ट होण्याचा भयंकर आजार होऊ शकतो. फुकट काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात मावशीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. पेनकिलर त्यांनी तिथल्या तिथे बंद केली, लघवीतलं अल्ब्युमिन आणि सिस्टॅटिन सी लिहून दिलं, किडनीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हणाले. येताना खारघरवरून आलो. परळच्या टाटाचं संशोधन केंद्र २००२ पासून इथे आहे. मावशीला म्हटलं, आता परळच तुमच्या पनवेलजवळ आलंय. ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतायत त्याचं काय करू ते सांग आधी." त्याला माझ्याकडे सूत्र नव्हतं. डॉक्टरांनी शेक आणि व्यायाम सांगितलाय. तिचा विश्वास नाही.

एक्सेल शीट तिला पाठवून दिली, ती तिने अजून उघडलेली नाही. पण कालनिर्णयवर जिथे ती दुधाचे खाडे लिहिते, तिथे पेन्सिलने आता क्रिएटिनिन लिहिलंय, आणि त्याच्या खाली ऑपरेशनच्या आधीचं ०.७, चौकटीत. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे.